पावसाळ्यातलं धनगरवाड्यावरचं बाळंतपण: आधीची तयारी आणि अडल्यावरची कामं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांत सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर) आणि जंगलाच्या कडेला गवळी धनगरांचे वाडे आहेत. कुठं दहा घरं, कुठं चारच. डांबरी सडक खाली राहते, मधे पायवाट आणि एखाददुसरा ओढा. उन्हाळ्यात ही वाट तासाभराची असते, आषाढात तीच दिवसभर बंद पडते. हे टिपण आशाताई, सुईण आणि घरच्या माणसांसाठी आहे. पुरुषांनीही वाचावं, कारण डोली त्यांनाच उचलायची आहे.

तारीख काढणं

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. 10 ऑक्टोबरला पाळी आली असेल तर तारीख 17 जुलै. म्हणजे भर पावसात.

वाड्यावरच्या बाईला तारीख विचारली की ती गप्प बसते. सण विचारला की बोलते. "दसऱ्याला घट बसले तेव्हा बाहेरची होतीस का? दिवाळीला?" असं मागं मागं जात राहिलं की आठवड्याच्या फरकानं तारीख हाती लागते. उन्हाळ्यातल्या पाळीसाठी शिमगा आणि जोतिबाची यात्रा धरायची, पावसाळ्यातल्या पाळीसाठी बेंदूर. तेवढ्यावर न थांबता पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून घ्या. तारखेसाठी तीच सगळ्यांत भरवशाची. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर तारीख काढली तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते.

ढोबळ हिशेब असा: शेवटची पाळी गणपतीपासून नाताळपर्यंत आली असेल तर बाळंतपण जून ते सप्टेंबरात येतं. आशाताईंनी या बायकांची यादी मार्चमध्येच वेगळी काढावी. पावसाळ्याची सगळी मेहनत या यादीवर करायची आहे.

खाली कधी उतरायचं

नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य केंद्राच्या आवारात 'माहेरघर' असतं, गरोदर बाई तिथं आधी येऊन राहते. आपल्याकडच्या वाड्यांना पाहुण्याचं घर हेच माहेरघर. डांबरीवरच्या, गाडी दारात येईल अशा गावातलं एक घर मे महिन्यातच बोलून ठेवा. बाई तिथं तारखेच्या तीन आठवडे आधी पोचली पाहिजे, कारण 37 आठवडे भरले की कळा कधीही सुरू होऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेची बाई वेळ देत नाही, दोन तासांत मोकळी होते. तिला आणखी लवकर न्या. घरचे नेमके उलट करतात: पहिलटकरणीला जपतात आणि जुन्या बाईला म्हणतात, "हिला काय, सवय आहे."

बाई उतरायला तयार नसते, त्यामागं बहुतेक वेळा जनावरं असतात. धारा कोण काढणार, शेण कोण भरणार, मोठी पोरं कुणाकडं? या प्रश्नांना नावानिशी उत्तरं मिळेपर्यंत "दवाखान्यात चल" म्हणण्यात अर्थ नाही. धारेला दीर, पोरांना आजी, असं सासूच्या तोंडून वदवून घ्या.

पुढची वाटही आधीच ठरवून ठेवा. कुंभी-पंचगंगेचं पाणी चढलं की कोल्हापूर-गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ बंद होतो. अशा वेळी गगनबावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जेवढं होतं तेवढं तिथं, नाहीतर घाट उघडा असला तर वैभववाडीवरून कणकवली. शाहूवाडीकरांना मलकापूर, भुदरगडला गारगोटी, आजरा-चंदगडला गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय. चंदगडहून बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ पडतं, हेही ध्यानात असू द्या. मात्र काही बायकांना मधल्या दवाखान्यांत हेलपाटे घालायला लावू नका, त्यांची नोंद थेट कोल्हापूरच्या सीपीआरला (तिथलं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा चोवीस तास सिझेरियन होणाऱ्या दवाखान्यात करा. आधीचं सिझेरियन, जुळं, नवव्या महिन्यात पायाळू किंवा आडवं मूल, रक्तदाब 140/90 किंवा वर, मागच्या खेपेला जास्त रक्त गेलेलं, उंची 145 सेंटिमीटरपेक्षा कमी, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, अशा या बायका. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते कुठं मिळेल याची चौकशी आधीच झालेली हवी.

तपासण्या, आणि लोहाच्या गोळीचं गणित

नोंदणी 12 आठवड्यांच्या आत, तपासण्या किमान चार. दर खेपेला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं. धनुर्वाताची टीडी लस दोनदा, महिन्याच्या अंतरानं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. डोंगरावरून एकदाच उतरणं होणार असेल तर तोच दिवस धरा.

रक्त कमी असणं हा वाड्यांवरचा मोठा प्रश्न. गोळ्या वाटल्या जातात, पण हिमोग्लोबिन हलत नाही. कारण बहुतेकदा चुलीपाशीच सापडतं. घरात दूधदुभतं भरपूर, त्यामुळं गोळी दुधासोबत किंवा जेवून उठल्यावर चहाबरोबर घेतली जाते, आणि दूध-चहा दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. गोळी लिंबाच्या पाण्यासोबत किंवा आवळ्यासोबत घ्यायची, चहा-दूध त्याच्या आधी-नंतर तासभर नाही. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा असते. ती आणि लोहाची यांत दोन तासांचं अंतर ठेवा. सोपी वाटणी अशी: कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत, लोह रात्री झोपताना. मळमळ होणाऱ्या बाईला रात्रीची वेळच सोसते. शौचाला काळं होतं, ते गोळीमुळं. घाबरून गोळी बंद करू नका.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. हिमोग्लोबिन 7 ते 11 मध्ये असेल तर रोज दोन. महिनाभर नीट घेऊनही एका ग्रॅमनंसुद्धा वाढलं नाही तर वरच्या दवाखान्यात दाखवा. आठवा महिना उलटल्यावर गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, तेव्हा शिरेतून लोह द्यावं लागतं. जंताची अल्बेंडॅझोल 400 मिलिग्रॅम, एकच गोळी, चौथ्या ते सहाव्या महिन्यात. पहिल्या तीन महिन्यांत नाही.

घोंगड्याची डोली

बाजलं खांद्यावर घेऊन उतरणं अरुंद पायवाटेवर जमत नाही, वळणावर अडतं. घोंगड्याची डोली बरी. मनगटाएवढे जाड, माणसापेक्षा दोन हात लांब असे दोन बांबू घ्या. घोंगडं जमिनीवर अंथरा. एका बाजूनं तिसरा हिस्सा सोडून पहिला बांबू ठेवा आणि तो हिस्सा त्यावरून आत दुमडा. दुमडलेल्या भागावरच, पहिल्यापासून दीड हातावर दुसरा बांबू ठेवा आणि उरलेलं घोंगडं त्यावरून आत घ्या. गाठ मारायची नाही. बाईच्या वजनानंच दुमड घट्ट बसते. विरलेलं घोंगडं नको. आधी एखादा जड गडी निजवून पाहा, दुमड सरकली तर बांबूंमधलं अंतर कमी करा. वरून ताडपत्री, कारण भिजलेलं घोंगडं दुप्पट जड होतं.

एका वेळी चौघे, बदलीला चौघे. म्हणजे आठ जण, नावं आधी ठरलेली. उतरताना बाईचे पाय पुढं, डोकं चढाकडं. निजवायचं डाव्या कुशीवर, कारण उताणं ठेवलं की पोटाच्या भारानं मोठी रक्तवाहिनी दबते आणि बाई घामाघूम होऊन डोळे फिरवते. दोन बॅटऱ्या हव्यात. राधानगरी-दाजीपूरकडं रात्री वाटेत गवा उभा असतो, म्हणून एक माणूस पन्नास पावलं पुढं चालावा.

108 ला फोन करायचा तर सड्यावर रेंज कुठं मिळते ती जागा घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवी. फोनवर वाड्याचं नाव सांगून भागत नाही. गाडी डांबरीवर कुठं थांबायची ती खूण, कितवी खेप, कळा किती वेळापासून आणि रक्त जातंय का, एवढं सांगा. साधी नेआण असेल तर 102.

घरात किंवा वाटेतच बाळंत होऊ लागली तर

डबा तयार हवा: नवं, वेष्टनातलं ब्लेड, वीस मिनिटं उकळून वाळवलेले तीन दोरे, साबण, हातमोज्यांचे दोन जोड, मीटरभर प्लास्टिक, उन्हात वाळवलेली पाच सुती फडकी, बाळाचं टोपडं. सगळं एका पिशवीत, आठव्या महिन्यापासून खुंटीला.

सुईण असेल तर तिला बोलवा. तिच्या हातातल्या सगळ्याच गोष्टी टाकाऊ नाहीत. आढ्याला दोर बांधून बाईला उकिडवं बसवणं, पाठ चोळणं, हिंडवत ठेवणं, गरम पेज पाजणं हे सगळं चांगलं. उकिडवं बसलं की मूल खाली यायला मदत होते. सोडायच्या गोष्टी तीन: पोट दाबणं, आत हात घालून वाट मोठी करणं, आणि कळा वाढवायला कुणाकडून तरी सुई टोचून घेणं. या तिसरीनं गर्भपिशवी फाटते आणि बाई तासाभरात दगावू शकते.

हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, नखं कापलेली असावीत, बांगड्या-अंगठ्या काढा. डोकं दिसू लागलं की बाईला जोर लावू देऊ नका, तोंडानं फू-फू करायला सांगा. डोकं हळू आलं की खाली फाटत नाही. तुमचा हात नुसता आधाराला, ओढायला नाही. नाळ मानेभोवती सैल असेल तर डोक्यावरून काढा. बाळ बाहेर आलं की घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा.

बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर. कोरड्या फडक्यानं पुसा, ते ओलं फडकं टाका, दुसरं पांघरा, टोपडं घाला. रडलं नाही तर पाठ चोळा, तळव्यावर टिचकी मारा. उलटं टांगू नका, गार पाणी मारू नका. पहिल्या मिनिटात श्वास सुरू झाला पाहिजे. प्रशिक्षित सिस्टर हजर असेल तर तिला लगेच पिशवी-मास्कनं श्वास देऊ द्या.

नाळ कापायची घाई नको. ठोका थांबेपर्यंत, दोन-तीन मिनिटं थांबा. गाडी जवळ आली असेल तर कापूच नका, वार पडल्यावर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळाजवळच ठेवा. कापावी लागली तर बाळाच्या पोटापासून दोन बोटांवर एक गाठ, पाच बोटांवर दुसरी, मधे नवं ब्लेड. कापलेल्या टोकातून रक्त पाझरलं तर तिसऱ्या दोऱ्यानं पहिल्या गाठीशेजारी आणखी एक गाठ. नाळेला हळद, राख, शेण, तेल, कुंकू काहीही लावायचं नाही. धनुर्वात तिथूनच शिरतो.

आधी हात, पाय किंवा नाळच बाहेर आली तर काहीही आत ढकलू नका, ओढू नका. नाळ आली असेल तर बाईला गुडघे-कोपरांवर, ढुंगण वर करून ठेवा आणि तसंच न्या.

वार आणि रक्त

बाई मरते ती बहुतेक इथं, आणि घरचे तोवर बाळाच्या कौतुकात असतात.

वार अर्ध्या तासात पडायला हवी. नाळ ओढू नका. ओढल्यानं गर्भपिशवी उलटी होऊन बाहेर येते. तोंडात केस कोंबून ओकारी काढण्याची रीतही सोडा. बाईला लघवी करायला लावा, उकिडवं बसवा, बाळ छातीला लावा. छातीला ओढ लागली की पिशवी आवळते. पडलेली वार फेकू नका, पिशवीत घालून दवाखान्यात न्या, तुकडा आत राहिलाय का ते तिथं बघतील.

सिस्टर हजर असेल तर ती बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिन 10 युनिट मांडीत देते. ती नसेल आणि आरोग्य केंद्रानं समजावून मिसोप्रोस्टॉल दिलेली असेल तर 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडानं. त्याआधी पोट चाचपून आत दुसरं मूल नाही याची खात्री करा. बाळ बाहेर येण्याआधी ही गोळी द्यायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

मग पोटावर हात ठेवा. बेंबीशी टणक गोळा लागला पाहिजे. तो मऊ लागला किंवा सापडलाच नाही, तर पिशवी सैल पडलीय आणि रक्त जाणार. गोल गोल चोळा, टणक होईपर्यंत. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हात लावून पाहायचं. एक फडकं पाच मिनिटांत भिजलं, गाठी पडल्या, बाई गार पडली, पाणी मागू लागली की थांबायचं नाही. उताणी, पाय उंच, पांघरूण घालून, वाटभर पोट चोळत डोली काढा. इथं डाव्या कुशीचा नियम लागू नाही, मूल बाहेर आलेलं आहे.

खालच्या कोणत्याही गोष्टीला घरगुती उपाय नाही: बाळंतपणाआधी रक्त जाणं, डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, हिरवं पाणी जाणं, कळांना 12 तास उलटणं, बाळंतपणानंतर ताप किंवा घाण वासाचा स्राव. झटके आले तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, तोंडात चमचा घालू नका, डाव्या कुशीवर वळवा. झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस जवळच्या केंद्रात घेऊन मग पुढं न्या.

बाळाचे पहिले दिवस

पहिला तास संपायच्या आत अंगावर पाजा. म्हशीचा चीक रेडकाला पाजल्याशिवाय न राहणाऱ्या घरात बाईचा चीक मात्र पिळून टाकतात. मध, गुळाचं पाणी, गुटी नको. पहिले 24 तास अंघोळ नको, वजन अडीच किलोच्या आत असेल तर आणखी लांबवा आणि बाळ उघड्या छातीला बांधून ठेवा. पावसाळी गारठ्यात याच्याइतकी ऊब शेगडीनंही मिळत नाही. बाळंतिणीला शेक हवा तर द्या, पण धूर कोंडलेल्या खोलीत नाही. पोट फुगलं म्हणून बाळाला चटके देण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. कुणी बिबा-सुई काढली की बाळ उचलून दवाखाना गाठा.

घरी बाळंत झालेली असली तरी 24 तासांच्या आत बाळाला व्हिटॅमिन के, हिपॅटायटिस बी, बीसीजी आणि पोलिओचे थेंब मिळाले पाहिजेत. आशाताईंच्या भेटी 1, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. श्वास मोजायचा तो पूर्ण मिनिटभर, बाळ शांत असताना. 60 किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, पिणं सुटलं असेल किंवा अंग गार लागत असेल तर त्याच दिवशी न्या.

ऊसतोडीच्या कोप्यांवर

नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांच्या शिवारात ऊसतोड टोळ्या उतरतात, कोप्यांत म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात. मराठवाड्यातल्या बायका जास्त, काही ठिकाणी भिल्ल-पावरा कुटुंबंही. यांचं गरोदरपणाचं कार्ड गावी राहतं किंवा हरवतं. नवं करून द्या, नोंदणी क्रमांक जुनाच चालतो, कुठल्याही जिल्ह्यात. दिवसा तपासणीला बोलावलं तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो, म्हणून भेट संध्याकाळची ठेवा. भिल्ल-पावरा बाईची सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) चाचणी आवर्जून करा. तिला सांधे-छातीत दुखायला लागलं तर ते श्रमाचं दुखणं समजून सोडू नका.

अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून "पिशवी काढून टाका" असं कुणी सांगितलं तर सही करू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या इतक्या सर्रास काढल्या गेल्या की 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं, आरोग्य केंद्रात गोळ्यांचं पाकीट मोफत मिळतं, आणि नवऱ्यालाही औषध लागतं का ते विचारा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या: नेमका आजार काय, सोनोग्राफीत आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत काय दिसलं, औषधानं किती दिवस बघायचं. तिशीत पिशवी काढलेल्या बाईची, अंडाशयही काढले असतील तर, हाडं लवकर झिजतात आणि कोयता धरवत नाही.

पुढचं मूल आणि कागदपत्रं

पुढच्या मुलात तीन वर्षांचं अंतर ठेवा. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, डोंगर पुन्हा उतरायला लागत नाही. गर्भ न राहण्याचं अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पावसात चुकण्याची शक्यता असेल तर तांबीच बरी. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. नको असलेला गर्भ कायद्यानं 20 आठवड्यांपर्यंत, आणि ठराविक परिस्थितीत 24 पर्यंत, मान्यताप्राप्त दवाखान्यात उतरवता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. दुकानातून गोळ्या आणून वाड्यावर घेऊ नका, तिथं रक्त थांबवायला कुणी नसतं.

धनगर कागदावर भटक्या जमाती (क) मध्ये आहेत, अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणून जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातले 700 रुपये जातीवर मिळत नाहीत, दारिद्र्यरेषेखालचा दाखला लागतो. तो सातव्या महिन्याच्या आत काढा. खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं, आधारवरचं नाव माहेरचं आणि कार्डावरचं सासरचं असेल तर पैसे अडकतात. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर 6,000 एकदम. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं मोफत आहे. परतीची गाडी मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. घरी सोडायच्या आदल्या दिवशीच सिस्टरला सांगून ठेवा, आणि डांबरीवर डोलीची माणसं किती वाजता येणार तेही ठरवून घ्या.